पेठपाड्याला उतर, हौसा

ओवे, पनवेल तालुका

लाडक्या हौसेस थोरल्या बहिणीची माया.

इकडे सगळे बरे आहोत. माझा गुडघा जरा कुरकुरतो, ते मनावर घेऊ नकोस. तुझा खोकला कसा आहे?

रविवारी आपल्या प्रितमच्या लेकीची, समृद्धीची हळद. मोऱ्याहून एवढ्या लांब यायची तुला धास्ती वाटते, म्हणून वाट सांगते. उरणहून गाडीने बेलापूरला ये. मेट्रोचं स्टेशन जवळच आहे, कुणीही दाखवील. सरकत्या जिन्याकडे बघूच नकोस, लिफ्ट आहे. पिशवी तपासतात, तेव्हा सुके बोंबील घट्ट बांध.

डबा थंडगार, खिडकीतून खारघरचा डोंगर दिसतो. पहिल्या वेळी मी होडीत चढावं तशी चप्पल काढून, दाराला हात लावून नमस्कार करून चढले. प्रितम म्हणतो, "आये, ही काय आपली होडी हाय?" मी म्हटलं, "पल्याड नेते ना? मग हाय."

तुझ्या पोटचा रामू गेल्यापासून तू हळदीचे धवले गायली नाहीस, ठाऊक आहे मला. पण आईने ती गाणी आपल्या दोघींनाच दिली, आणि गळा तुला एकटीला. समृद्धी हटून बसली आहे, "मावशीआजी गायल्याशिवाय मी पाटावर बसणार नाय."

आवाज अडकला तर अडकू दे. पुढची ओळ मी उचलीन.

पेठपाड्याला लिफ्टच्या दाराशी मी बसलेली असेन. तूही चप्पल काढूनच चढशील, मला माहीत आहे. उतरताना तेवढी डब्यात विसरू नकोस.

वाट बघणारी,
तुझी गंगाबाय