गरज पाहून घेतलेला कॅमेरा

बोदलकसा, ता. तिरोडा, जि. गोंदिया
दि. १४ डिसेंबर २००८

आदरणीय चंद्रशेखरभाऊ यांना,
लहान चुलतभाऊ खेमराजचा सविनय जयभीम. सुशिलावहिनींनाही सांगावा.

तुमचे आम्लपित्त आता कसे आहे? वहिनींचा गुडघा? मागच्या पत्रात दोन्ही बरे असल्याचे लिहिले होते, पण पुण्याची माणसे पत्रात नेहमीच बरी असतात, त्यामुळे माझा विश्वास बसला नाही. आमच्याकडची खुशाली कळवायची पद्धत आहे म्हणून कळवतो. धान कापून झाले, मळणी बाकी आहे आणि आभाळ आले आहे. (आभाळ आले नसते तरी मी आलेच असे लिहिले असते, हा माझा स्वभाव तुम्ही लहानपणापासून पाहिलेला आहे. अल्का म्हणते, माझ्याशी लग्न झाल्यापासून तिने एकदाही छत्री न घेता बाजार पाहिला नाही.) पिंकी बारावीला आहे. पास होईल, असे तीच म्हणते.

कॅमेरा कसा निवडावा याविषयीचे तुमचे चार पानी पत्र मिळाले. पाटबंधारे कार्यालयात बावीस वर्षे कारकुनी करून मी पुष्कळ परिपत्रके वाचली, पण इतके मुद्देसूद एकही नव्हते. मेगापिक्सेल किती असावेत, झूम खरा कुठला आणि फसवा कुठला, बॅटरी, मेमरी कार्ड, सगळे तुम्ही खाली रेघा ओढून कळवलेत. ‘सर्वप्रथम आपली गरज काय ते ठरवा, मगच दुकानाची पायरी चढा’ हे वाक्य तर लाल शाईने लिहिले होते. भाऊ, गरज माझी ठरलेलीच होती. तुम्हाला ‘घरगुती वापरासाठी’ असे मोघम लिहिले, कारण खरी गरज कागदावर उतरवायला हात धजेना. आता सविस्तर कळवतो, म्हणजे पुढे जे घडले त्याला तुमचे पत्र जबाबदार नाही हेही स्पष्ट होईल (अगदीच नाही असे नाही, थोडेसे आहे).

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा तुम्हाला रजा मिळाली नाही, म्हणून तुम्हाला ठाऊक नसेल. पुण्यानुमोदनाच्या दिवशी समोर ठेवायला घरात बाबांचा एकही फोटो नव्हता. माझ्या लग्नात फोटोग्राफर होता, तिरोड्याच्या चुन्नीलालचे वडील. पण त्यांनी अख्खा रोल उजेडात उघडला आणि आमच्या लग्नाचा पुरावा म्हणून आता फक्त पिंकी आहे. शेवटी सापडले ते मतदार ओळखपत्र. त्यावर अंगठ्याएवढे, काळपट बाबा होते. ते घेऊन मी चुन्नीलालकडे गेलो (वडिलांनंतर स्टुडिओ तोच चालवतो, आणि घराण्याची रीतही). त्याने संगणकावर तो फोटो मोठा केला. मोठा केल्यावर गळ्याखाली काही उरेना, तेव्हा त्याने आपल्या मनाने खाली एक माणूस जोडला. निळा कोट, लाल टाय, भरदार छाती, मागे बर्फाचे डोंगर. आमचे बाबा जन्मभर बंडी, धोतर आणि खांद्यावर दुपट्टा, पावसात फार तर डोक्यावर पोत्याची खोळ. पण दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता, भन्तेजींना वेळ दिलेली होती, म्हणून मी तोच फोटो चौकटीत घालून आणला. आलेली निम्मी माणसे अल्काला हळूच विचारत होती, की हे साहेब कोणत्या खात्यात होते.

आईने तो फोटो एकदाच पाहिला. “हा आमचा बुढा नाही होय,” म्हणाली. “कोट एकाच माणसाले शोभते, अन् तो तिकडं हाये,” असे म्हणून तिने भिंतीवरच्या बाबासाहेबांकडे बोट केले. तेव्हापासून ती रोज सकाळी बुद्धांसमोर आणि बाबासाहेबांसमोर मेणबत्ती लावते, फूल ठेवते, आणि शेजारच्या कोटवाल्याकडे पाठ फिरवून चुलीकडे निघून जाते. मी एकदोनदा समजावले, की चेहरा तर बाबांचाच आहे. तिने मला विचारले, की तुझ्या चेहऱ्याखाली सरपंचाचे पोट लावले तर अल्का तुला घरात घेईल का. यावर अल्का जरा जास्तच हसली.

यंदा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आई नागपूरला गेली नाही. तुम्हाला माहीत आहे, ताप अंगात असताना, पाय मुरगळलेला असताना, ती भाकरी बांधून दीक्षाभूमीला गेलेली आहे. यंदा म्हणाली, “तुमीच जा.” पुढच्या आठवड्यात पायांवर सूज आली. गोंदियाच्या डॉक्टरांनी तपासले, मला एकट्याला आत बोलावले आणि म्हणाले, त्यांना जे खावेसे वाटेल ते खाऊ द्या. भाऊ, आजवर कुठल्या डॉक्टरने आमच्या घरात कुणाला काही खाऊ दिलेले नाही. मीठ बंद, भात कमी, तिखट बंद, हेच ऐकत आलो. बाहेर बाकावर आई बसली होती. तिला सांगितले, सगळे खायला परवानगी आहे. “मंग डॉक्टर चांगला हाये,” म्हणाली आणि स्टँडवर दोन समोसे खाल्ले. बसमध्ये ती खिडकीला डोके टेकून झोपली आणि मी तिच्याकडे बघत विचार करत होतो, की हिचाही फोटो नाही. ओळखपत्रावरचा आहे, त्यात डोळे मिटलेले आहेत. चुन्नीलाल हिला खाली काय जोडेल कोण जाणे. तर भाऊ, ही गरज.

तुमचे पत्र खिशात घालून मी पॅसेंजरने गोंदियाला गेलो. दुकानाचे मालक भैयाजी म्हणून आहेत, फार सज्जन माणूस, चहा मागवला. आणि चहा पोटात जातो न जातो तोच म्हणाले, “देखो भाईसाब, कॅमेरा बाद में। पहले जरूरत बताओ।” तुमच्या लाल शाईतलेच वाक्य! मी तोंड उघडले. शेजारी एक नवे जोडपे फिरायला नेण्यासाठी कॅमेरा बघत होते, मुलगी लाजत होती, आणि मी काय सांगणार, की माझी आई जाणार आहे, भिंतीवर लावायला फोटो पाहिजे? आईच्या मरणाची खरेदी करायला आलोय असे वाटले. समोर भिंतीवर बगळ्यांचे कॅलेंडर होते. मी म्हणालो, “पक्षी.”

भैयाजी एकदम खुलले. आमच्या जिल्ह्यात सारस येतात, तलावांवर किती जातीची पाखरे उतरतात, आणि आपल्याच लोकांना त्याची कदर नाही, हे त्यांनी मला (बोदलकसा तलावाच्या काठावर जन्मलेल्याला) अर्धा तास समजावून सांगितले. मग खोक्यातून एक अवजड यंत्र काढले. बारा पट झूम. दुकानाच्या दारात उभे करून त्यांनी मला समोरच्या तिसऱ्या मजल्यावर वाळत असलेल्या पायजम्याची नाडी दाखवली. नाडीची गाठसुद्धा दिसत होती. तुमच्या पत्राप्रमाणे मी वजन विचारले, बॅटरी विचारली, खरा झूम की फसवा तेही विचारले. सगळी उत्तरे बरोबर आली. गरजच तेवढी चुकीची सांगितलेली होती, आणि त्याविषयी तुम्ही चार पानांत काही लिहिलेले नाही.

घरी आईने विचारले, हे कायले आणले? आता तिला तरी काय सांगू? पाखरांचे फोटो काढायला, म्हणालो. पंचावन्नाव्या वर्षी मला पाखरांचा नाद लागला हे तिने इतक्या सहज मान्य केले, की तिचे माझ्याविषयीचे मत काय आहे ते कळले. पण झाले असे, की रोज संध्याकाळी ती विचारायची, “भेटले का पाखरं?” मग मला तलावावर जाणे भाग पडले. ऑफिस सुटले की सायकल हाणत जायचे, चिखलात उभे राहायचे. दुकानातून आलेले पेन्सिल सेल चार बगळ्यांत आटोपले. चार्ज होणारे सेल आणले, तर भारनियमनामुळे ते कधीच पुरते भरले नाहीत. एका दिवशी तर पाणकोंबडी समोर आली, कॅमेऱ्याने डोळा उघडला, पुन्हा मिटला, आणि मी व पाणकोंबडी एकमेकांकडे बघत राहिलो. आई चष्मा लावून त्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर सगळे पाहायची आणि सांगायची. हा बगळा नाही होय, ढोकरी होय. ही टिटवी, हिच्या अंड्यावर तुझा पाय पडला होता लहानपणी. धानाच्या रोवणीला जायचो तेव्हा ही बांधावर बसून राहायची. असे पंधरा दिवस गेले. बरे गेले, असे मी म्हणणार नाही, पण अल्का म्हणते.

या काळात मूळ काम मी गुपचूप करत होतो. आई अंगणात तांदूळ निवडायला बसली, की मी पेरूच्या झाडामागे. बारा पट झूम म्हटल्यावर लांबूनच काढायचा असतो, अशी माझी समजूत. तीस फुटांवरून आईचा एक कान आला. दुसऱ्या दिवशी कोपर आणि सूप. तिसऱ्या दिवशी सबंध चेहरा आला, पण हात हलल्यामुळे तो धुरात असल्यासारखा, आणि पुढ्यात कोंबडी मात्र स्वच्छ. चौथ्या दिवशी आई मान वर न करता म्हणाली, “पाखरं आंगणात कायले शोधून रायला बापा? माया फोटो पाहिजे तं सांग ना.”

मी झाडामागून बाहेर आलो. तिने सूप बाजूला ठेवले, पदर सारखा केला आणि म्हणाली, “मले समजते. डॉक्टरनं समोसे खाऊ देल्ले तवाच समजलं. काढ ना फोटो. पण मले त्या कोटवाल्याच्या बाजूले नोको टांगू. लोकं म्हणतील, बुढा मेल्यावर बुढीनं दुसरा पाहिला.” अल्का आतून हसत आली आणि दाराशी येऊन रडायला लागली. मीही रडलो. आई मात्र पुन्हा तांदळातले खडे काढत बसली. आधी त्यायचा चांगला लाव, मग माया काढ, एवढीच तिची अट. आता मेलेल्या माणसाचा फोटो काढणारा कॅमेरा कुठल्या कंपनीचा घ्यावा?

असो. कॅमेरा कपाटात ठेवला आहे. रडगाणे लांबले, क्षमा असावी. वहिनींना आणि मुलांना आम्हा सर्वांची आठवण सांगावी.

आपला,
खेमराज

ता. क. : पिंकीने आज दाखवले, की एक बटण डावीकडे फिरवले की हाच कॅमेरा तीन फुटांवरूनही फोटो काढतो. पेरूच्या झाडामागे जाण्याचे काही कारण नव्हते. हे तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर होते असेही तिने दाखवले.

आणखी ता. क. : पत्र काल टाकायचे राहिले ते बरे झाले. आज सकाळी आईला आठवले, की तुमच्या लग्नात बाबांचा एक फोटो निघाला होता. सगळे मांडवात फोटोसाठी उभे राहिले तेव्हा ते आले नाहीत, पंगत वाढत होते. नागपूरचा फोटोग्राफर पंगतीचा फोटो काढायला आला, दिवा चमकला, बाबा दचकले आणि वरण कुणाच्या तरी पायावर सांडले. आई म्हणते, त्या फोटोत ते बादली घेऊन हसून राहिले आहेत. तुमचा अल्बम पुण्याला गेला, त्यामुळे आम्ही कुणी तो पुन्हा पाहिला नाही. वहिनींना शोधायला सांगा. कोपऱ्यात असतील, अर्धेच असतील, चालेल. मूळ फोटोच सोडवून पाठवा, मी जपून परत करीन. एवढे मागण्यासाठीच हे पत्र पुन्हा उघडले. वरचे सगळे नाही वाचले तरी हरकत नाही.

शेवटचा ता. क. : फोटो मिळेल असे मी आईला सांगून टाकले (तुम्हाला न विचारता). ते ऐकून तिने निळ्या काठाचे लुगडे नेसले आणि खाटेवर बसली, पण एका टोकाला. मी म्हणालो, आई, मधोमध बस. पिंकीने सांगितले, अल्काने सांगितले. ती हलली नाही. बाजूची जागा तळहाताने झटकली आणि म्हणाली, “काढ आता.” तीन फुटांवरून काढला, हात हलला नाही, फार स्वच्छ आला आहे. अर्ध्या फोटोत आई आहे आणि अर्ध्यात रिकामी खाट. बाबा आले की चुन्नीलाल त्यांना तिथे बसवून देतो म्हणाला. बादली काढायची नाही, असे आईने त्याला बजावले आहे. भाऊ, साध्या टपालाने पाठवू नका. पुण्याहून इकडे यायला आठ दिवस लागतात, आणि आठ दिवसांची मला खात्री वाटत नाही.