दाराबाहेर कोण आहे ते कळवणे

मंगरूळपीर,
ता. ९ ऑक्टोबर १९७६

तीर्थस्वरूप पूनमभाऊ यांस हीरालालचा जयजिनेंद्र. (तू माझ्याहून चारच महिन्यांनी मोठा, तेव्हा तीर्थ जरा बेतानं घे.) तुझी तब्येत, वहिनींची कंबर आणि मुंबईची हवा ठीक असेल. इकडे सर्व खुशाल असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खुशाल कोणीच नाही. सगळी गल्ली घाबरलेली आहे, आणि सगळ्यांत जास्त मी.

याला कारण तुझा टेलिव्हिजन. मागल्या महिन्यात कापडाच्या खरेदीला आलो, तुझ्याकडे उतरलो आणि निघायच्या संध्याकाळी नेमकं ते नाटक लागलं. आठवतं ना? पहिली पाच मिनिटं कोणी बोलतच नाही. एक बाई ताट वाढते, त्यावर दुसरं ताट झाकते, दाराची कडी काढून ठेवते आणि बसते. मग बाहेर पावलं वाजतात. जवळ येतात. दारापाशी थांबतात. (आपल्या गावच्या नाटकात राजा आला की आधी आपलं नाव, गाव, बापाचं नाव सांगतो, मग कोणाला भीती वाटेल? इथे माणूस दाखवलाच नाही, नुसते जोडे वाजवले, आणि माझ्या पाठीला घाम फुटला.) बाई उठून दाराला हात लावते, आणि तेवढ्यात माझ्या गाडीची वेळ झाली. तू मला जिन्यापर्यंत सोडलंस आणि धावत परत जाऊन बसलास. तुझ्या आईला काय निरोप सांगू, हे विचारायचं तसंच राहिलं. अकोल्यापर्यंत डब्याच्या दाराकडे पाठ करायची माझी हिंमत झाली नाही.

दुकानात येऊन मी हे सांगितलं. (थोडं तिखटमीठ लावून. त्याबद्दल खाली लिहितो.) पंजाबराव धोतरजोडी घ्यायला आले होते, ते धोतर विसरले आणि मला तीनदा सांगायला लावलं. "मंग दाराबाहीर कोन होता?" मी म्हणालो, माहीत नाही. तिथेच घात झाला. शेवट सांगितला असता तर लोक आपापल्या घरी जाऊन जेवले असते. आता दिवेलागणीपासून गल्लीभर कड्या लागतात. परवा पोस्टमन देवमननं भरदुपारी भागिरथाबाईंचं दार वाजवलं, तर त्यांनी आतून दाराला बाज लावली. तो बिचारा ओरडला, "मी काय भूत आहो काय? तुमच्या पोरीचं पत्र आनलं!" आतून उत्तर आलं, "मंग पह्यले तिथूनच वाचून दाखव!" त्यानं वाचलं. पोरीच्या सासूबद्दलचा मजकूर आता सगळ्या गल्लीला पाठ आहे.

घाबरली नाही ती एकटी तुझी आई. अंगुरीकाकीनं सगळं ऐकून घेतलं आणि आधी खोट काढली, "दिवस बुडाल्यावर ताट वाढलं? मंग ते आपल्या जैनातली नोहे." मग म्हणाली, "बाहीर कोन असन? पोरगंच असन. मायनं कडी काढून ठेवली, मंग दुसरं कोन येईन?" आणि दुसऱ्या दिवशी मंदिरात जाऊन तिनं नियम घेतला : त्या मायचा पोरगा घरात येत नाही तोवर दूध, तूप, गूळ बंद, आणि जेवण एकच वेळ.

आज तिसरा आठवडा. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. रविवारी मंदिराच्या पायरीवर तिला घेरी आली, शेजारच्या सोजरबाईंनी धरलं म्हणून बरं. आमची तारामती मला म्हणते, हे तुमच्याच तोंडाचे भोग. खरं सांगतो पूनम, आता त्या पावलांची भीती गेली आणि ही बसली आहे. मी खोटंही बोलून पाहिलं. म्हटलं, काकी, मुंबईचा माणूस भेटला, पोरगा आला म्हणे. तिनं विचारलं, "जेवला काय? ताटात काय होतं?" मी म्हणालो, पुरी. "काल तं भाकर म्हनत होता! पूनमचं पत्र आन. त्याच्या हातचं अक्षर पायन, तवाच मानन."

तेव्हा दार उघडल्यावर पुढे काय झालं, ते ताबडतोब सविस्तर कळवणे. तो मेलेला निघाला असेल तर तूर्त जिवंत लिहिणे. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, टेलिव्हिजनला लांबूनच रामराम.

तुझा,
हीरालाल

ता. क. : तिखटमिठाचं राहिलंच. तुला ठाऊकच आहे, नाटकातली बाई तरुण होती आणि ताट कोणासाठी वाढलं ते कोणी सांगितलं नव्हतं. 'म्हातारी आई' आणि 'चार वर्षं घरी न आलेला पोरगा' हे माझ्या पदरचं. सांगता सांगता तोंडून निघून गेलं.

दुसरा ता. क. : पाकीट चिकटवणार होतो, पण आत्ता दिवस मावळायच्या आधी काकीकडे डोकावून आलो. तिनं ताट वाढून झाकून ठेवलं होतं. विचारलं, कोणासाठी? म्हणाली, "त्या नाटकातल्या पोरासाठी." मी झाकण उचललं. गुळाची पोळी होती, वर तूप, आणि कडेला लिंबाचं गोड लोणचं. नाटकातल्या पोराला लिंबाचं गोड लोणचं आवडतं, हे मी तरी सांगितलं नव्हतं. तेव्हा नाटकाचा शेवट कळवू नकोस. दिवाळीच्या आत तूच ये.

तिसरा ता. क. : येशील तेव्हा गल्लीच्या तोंडापासूनच मोठ्यानं आपलं नाव, गाव, बापाचं नाव सांगत ये. नाहीतर आम्ही कोणी दार उघडणार नाही. काकीला सांगायची गरज नाही. तिचं उघडंच असतं.