नाक्यानाक्यावरची चहाडी

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देईल तेवढा). तुझे गुडघे कसे आहेत? निरोप देताना फाटकाशी तू एकाच पायावर भार टाकून उभी होतीस, ते मी गाडीच्या आरशात पाहिलं आहे, तेव्हा 'बरे आहेत' असं कळवू नकोस. माझं म्हणशील तर डोकं सोडून बाकी सगळं थंड आहे.

गेल्या रविवारी दुपारी आमच्या चिरंजीवांनी तुला फोन करून आई सरहद्दीकडे का निघाली आहे असं विचारलं, त्याचा हा खुलासा. तुझ्याकडे येताना त्याने माझ्या गाडीच्या काचेला ती टोलची डबी चिकटवून दिली होती. नाक्याखालून गेलं की पैसे आपोआप कापले जातात, फाटक उघडतं, थांबायला नको. मला वाटलं, बरी सोय आहे. पण डबी होती त्याच्या नावावर, त्यामुळे प्रत्येक नाक्याचा निरोप त्याच्या मोबाइलवर! मी तुझ्या दारात पाऊल टाकायच्या आत त्याचा फोन, "आई, दुसऱ्या आणि तिसऱ्या नाक्यामध्ये एवढा वेळ कुठे होतीस?" अगं, चहा प्यायला थांबले होते! एवढी वर्षं कॉन्व्हेंटमध्ये शिकवण्यात काढली, पण मुलींवर नजर ठेवणाऱ्या आमच्या मदरनासुद्धा हे जमलं नव्हतं. त्यांना निदान खिडकीत येऊन उभं राहावं लागायचं.

म्हणून परतताना ठरवलं, टोल रोख भरायचा. पण डबी बंद पडली असं दिसलं असतं, तर याने आकाश डोक्यावर घेतलं असतं. पेट्रोल पंपावर गुलाबाची कलमं नेणारा एक टेम्पोवाला भेटला. तो आमच्या गावावरून पुढे जाणार होता. काचेवरची डबी सोडवून त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, बाबा, ही समोर ठेव आणि शेवटच्या नाक्याशेजारच्या हॉटेलात गल्ल्यावर दे, मी मागून येऊन घेते. त्याच्याकडून दोनदा वदवूनही घेतलं. (काम सांगावं आणि उलट ऐकावं, ही मदरची शिकवण.) "बरं मावशी," म्हणून तो गेला.

आता रोखीचं सांगते. रोखीची खिडकी एकच उरली आहे, तीही अगदी कडेला, जणू वाळीत टाकलेली, आणि वर भुर्दंड. माझ्यापुढचा ट्रकवाला पाकीट शोधायला सीटखाली शिरला तो बाहेर येईना. शेवटी माझी पाळी आली. खिडकीतली मुलगी गोड होती. म्हणाली, "मावशी, डबी लावा ना, लगेच सुटाल." म्हटलं, "मी सेवानिवृत्त आहे, मला सुटायची घाई नाही." तेवढ्यात पावतीचा कागद संपला. ती म्हणाली, जाऊ दे ना. मी म्हटलं, पावतीशिवाय चाक हलणार नाही. मागे भोंगे सुरू झाले. एका बसचा कंडक्टर उतरून आला आणि म्हणाला, "पावती काय फ्रेम करून लावणार आहात का?" "हो," मी म्हटलं, "आणि शेजारी तुमचा फोटो." पुढच्या नाक्यांवरही हीच तऱ्हा. वेळ गेला, कबूल. पण माझ्याशी माणसं बोलली, भांडली, एकीने तर हात हलवून निरोप दिला. डबीने कधी कोणाला हात हलवला आहे?

हॉटेलात पोचले, तर गल्ल्यावर डबी नाही. घरी पोचले, तर चिरंजीव फाटकात, कानाला फोन, चेहरा पांढराफटक. (माझा फोन बंद होता, गाडी चालवताना बोलू नये हे मीच त्याला शिकवलं आहे.) डबी आमच्या गावावरून तशीच पुढे सरहद्दीकडे गेली होती, नाक्यामागून नाके ओलांडत. याने महामार्गाच्या गस्तवाल्यांना कळवलं, त्यांनी टेम्पो अडवला आणि एकेक कलम उतरवून माझा शोध घेतला! फोनवर गस्तवालेच होते; तो हिसकावून मी घरी आहे असं ओरडले, तेव्हा कुठे त्या गरिबाची सुटका झाली. तो फोनवरच रडवेला होऊन म्हणाला, "मावशी, एरवी मी रोखीवाला. आज फाटकं आपोआप उघडत गेली, थांबावंच लागलं नाही, मग आठवणार कधी?" ताई, रोखीच्या बाजूने याहून मोठा पुरावा कोणता?

पण पुरावा ऐकतो कोण? गाडीची किल्ली चिरंजीवांच्या कपाटात बंद आहे. येत्या रविवारी लेक आणि जावई येणार, आणि आईने यापुढे गाडी चालवावी का यावर बैठक बसणार. आरोपीला चहा करायला सांगितलं आहे. मी चहा करीन, पण किल्ली घेतल्याशिवाय कप खाली ठेवणार नाही. तीन नाक्यांवर भांडून मी गाडीला एक ओरखडा न आणता घरी आणली आहे.

गुडघ्यांना जप. जिना उतरताना कठडा धर.

तुझी,
धाकटी

ता. क. रविवारी चहाच्या वेळेला फोन कर. तो जगात फक्त तुला घाबरतो. मी गाडी उत्तम चालवते एवढंच सांग. तुझ्या फाटकाला लागलेला धक्का जुना आहे असं तूच म्हणाली होतीस, तेव्हा तो विषय नको.

ता. क. २. काल बँकेत जाऊन मी माझ्या नावाची डबी घेतली. हसू नकोस. त्या रांगेत पुन्हा उभं राहायला माझी कंबर तयार नाही. निरोप कोणाच्या मोबाइलवर पाठवायचे असं विचारलं, तेव्हा मी तुझा नंबर दिला. कुठे आहे हे कोणाला तरी कळलेलं बरं. फक्त ते कोणाला, हे मी ठरवणार. मी तुझ्याकडे निघाले आणि शेवटच्या नाक्याचा निरोप आला की भाताखाली गॅस लाव. आणि मध्ये उशीर झाला तर फोन करू नकोस, मी चहा पीत असेन.