कामावर रुजू होण्याची तारीख

६ ऑगस्ट २००८, बुधवार
आजपासून रोजनिशी. युरोपचा प्रोजेक्ट हातात घेतला आहे आणि प्रोजेक्टला डॉक्युमेंटेशन हवंच.
आश्लेषाची धाकटी बहीण रुचा जर्मनीत, हॅनोव्हरला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिचं बाळंतपण. नवरा डिसेंबरपर्यंत ब्राझीलच्या साइटवर, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. म्हणून आश्लेषाने जायचं ठरलं. मी म्हटलं, एकटी कशाला, दोघं जाऊ. लग्नाला नऊ वर्षं झाली, नायगाराच्या पलीकडे गेलो कुठे?
मला व्हिसा लागत नाही. गेल्या वर्षी मी अमेरिकेचा सिटिझन झालो. आश्लेषाकडे ग्रीन कार्ड आहे, पण पासपोर्ट भारतीय. म्हणून तिला शेंगेन व्हिसा. एकच स्टिकर, त्यावर अर्धा युरोप. काम माझ्याकडे घेतलं. दोन आठवड्यांत उरकतो.

९ ऑगस्ट, शनिवार
एक्सेल शीट तयार. जर्मनी चार दिवस, फ्रान्स चार, इटली चार, ऑस्ट्रिया चार. प्रत्येक देशाला वेगळा रंग.
आश्लेषाने पाहिलं. म्हणाली, बाळ त्या चार दिवसांतच येईल असं कोणी सांगितलं?
तिला प्लॅनिंगची सवय नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार
कागदपत्रांची यादी काढली. मुख्य म्हणजे माझ्या नोकरीचं पत्र, कारण खर्च मी उचलणार. त्यात तीन गोष्टी हव्यात: मी नोकरीत आहे, रजा मंजूर आहे, आणि परत आल्यावर ११ नोव्हेंबरला कामावर रुजू होणार आहे.
आमची कंपनी गाड्यांच्या सीट ज्यावर मागेपुढे सरकतात ते रूळ बनवते. अकरा वर्षं मी इथे आहे. एचआरच्या लिंडाला मेल टाकला. पाच मिनिटांचं काम.
पार्किंगला हल्ली दाराजवळच जागा मिळते. लवकर पोचण्याचे फायदे. (आज साडेनऊ.)

२९ ऑगस्ट, शुक्रवार
पत्र आलं. एकच वाक्य: आजच्या तारखेला हे गृहस्थ आमच्याकडे नोकरीस आहेत. रजेचं नाही, रुजू होण्याचं नाही. लिंडाला दोन ओळी धड लिहिता येत नाहीत. पुन्हा मेल.
तिसऱ्या मजल्यावरच्या निम्म्या ट्यूब काढल्यात. एनर्जी सेव्हिंग. चांगलं आहे, डोळ्यांना बरं वाटतं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
शिकागोच्या जर्मन कॉन्सुलेटमध्ये अपॉइंटमेंट. पहाटे निघून पाच तास ड्राइव्ह केलं. खिडकीतल्या बाईंनी एक्सेल शीट पाहिलं आणि विचारलं, नेमके कुठल्या देशात जास्त दिवस? मी म्हटलं, समान. मी सर्वांना समान न्याय दिलाय. त्या म्हणाल्या, जिथे जास्त दिवस तिथला व्हिसा, आधी ते ठरवा.
फोटोही परत. अमेरिकन साइझ, त्यांना दुसरा हवा. आणि पत्र. त्यांनी त्या एका वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली. तुम्ही रजेवरून कामावर परत याल असं यात कुठेच नाही, म्हणाल्या.
परत येताना आश्लेषा म्हणाली, फक्त हॅनोव्हर ठेव ना. मी म्हटलं, आता माघार नाही.
मग इंडियाना राज्य संपेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. थकली असेल.

१६ सप्टेंबर, मंगळवार
मोहनला काढलं. माझ्या शेजारच्या क्यूबिकलमधला, माझ्याही आधीपासून इथे असलेला. मला वाईट वाटलं, पण तो मीटिंगमध्ये कधी बोलायचा नाही. कंपनीत दिसावं लागतं. मी दिसतो.
संध्याकाळी आश्लेषाला सांगितलं. तिने विचारलं, तुमच्या ग्रुपमधून आतापर्यंत किती? मी म्हटलं, सात. मग आकडा मोठा वाटला म्हणून सांगितलं की त्यातले दोन स्वतःहून गेले.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
लिंडाच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. म्हटलं, फक्त एक ओळ, ११ नोव्हेंबरला रुजू होतील. तिने उठून दार लावलं. म्हणाली, सत्यजित, ती ओळ मी लिहू शकत नाही. मी कारण विचारलं. ती टेबलाकडे बघत म्हणाली, नॉन-रिफंडेबल काही बुक करू नकोस.
चांगली ट्रॅव्हल टिप. बाई बरीच फिरलेली दिसते.
मॅनेजर ग्रेगला विचारलं. त्याने खांद्यावर हात ठेवला. ओळ लिहिली नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार
व्हेनिसचं हॉटेल बुक केलं. नॉन-रिफंडेबलला डिस्काउंट होता. खिडकीतून कालवा दिसतो.
पत्राचा प्रश्न सोडवला. मी स्वतःच पत्र लिहिलं: मी, सत्यजित, हमी देतो की ११ नोव्हेंबरला मी माझ्या नोकरीवर रुजू होईन. खाली सही, तारीख. नोटरी करून घेतलं. बँकेतल्या नोटरीने दोनदा वाचलं आणि शिक्का मारला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
दुसरी अपॉइंटमेंट, पण ऑफिसात सर्वांना हजर राहायचा हुकूम. (प्लँटचे आकडे दाखवले. रेघ खाली जाते. तात्पुरतं.) आश्लेषा एकटी गेली. शेजारच्या ॲन आर्बर गावापलीकडे तिने कधी एकटीने हायवे घेतला नव्हता. फाइल मी लावून दिली होती, माझं पत्र सर्वांत वर.
संध्याकाळी सातला आली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, ठेवून घेतलं सगळं, कळवतील. पत्राबद्दल काही बोलले का? म्हणाली, त्यांनी तुझ्या ऑफिसला फोन केला होता. उत्तम, म्हणजे व्हेरिफाय झालं.
ती गाडीची किल्ली हातातच धरून खुर्चीवर बसली होती. मी किल्ली खुंटीला लावली.

५ ऑक्टोबर, रविवार
आश्लेषाने भरली वांगी केली. सणवार नसताना. जेवताना विचारलं, व्हेनिस कॅन्सल होईल का? मग म्हणाली, तुझा रेझ्युमे कधी अपडेट केलास? मी म्हटलं, मला कशाला लागतो. ती म्हणाली, सहज.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
तिने शाळेत फुल टाइम मागितलं. ती इथल्या एका प्रीस्कूलमध्ये अर्धा दिवस शिकवते. नोव्हेंबरच्या मध्यापासून मिळेल. मी म्हटलं, एवढी हौस? ती म्हणाली, हो, मुलं गोड आहेत.
माझ्या ताटात तिने मी न मागता तूप वाढलं. युरोपच्या कल्पनेने माणूस खुलतो.

१५ ऑक्टोबर, बुधवार
पासपोर्ट आला. व्हिसा मिळाला. मी सांगितलंच होतं.
सतरा दिवस, कारण: बहिणीकडे राहणं. फाइल उघडून पाहिली तर वर रुचाचं आमंत्रणपत्र, तिच्या गावच्या ऑफिसचा शिक्का असलेलं. माझं पत्र त्यात नव्हतं. आश्लेषा म्हणाली, रुचाकडून ते सप्टेंबरमध्येच मागवून ठेवलं होतं, असावं म्हणून. माझं कुठे आहे? म्हणाली, बाईंनी परत दिलं, माझ्या पर्समध्ये आहे.
का परत दिलं ते मी विचारलं नाही. नोटरीचं ओरिजिनल लोक जपून परत देतात.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
सकाळी साडेदहाला ग्रेगने बोलावलं. लिंडाही होती. दहा मिनिटं. ३१ तारखेपर्यंत पगार, आजपासून यायची गरज नाही. ग्रेग बोलला, मी मान हलवत होतो. एका जागी तर त्याचं वाक्य मीच पूर्ण केलं.
निघताना लिंडा म्हणाली, आय ॲम सॉरी, कॉन्सुलेटने विचारलं तेव्हा मला खरं सांगावं लागलं. मला वाटलं, तुझ्या बायकोने तुला सांगितलं असेल.
तीन ऑक्टोबर. म्हणजे एकवीस दिवस.
घरी आलो तर आश्लेषा बॅग भरत होती. तिने घड्याळाकडे पाहिलं नाही, काही विचारलं नाही. मी म्हटलं, तुला माहीत होतं. ती म्हणाली, हो. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती स्वेटरची घडी घालत राहिली. म्हणाली, रोज सकाळी तू टाय बांधायचास, सत्यजित. रोज ठरवायचे, आज सांगीन.
मी चिडणार होतो. मग तिच्याबरोबर बसून बॅगेची चेन लावली. एका बाजूने ती दाबून धरत होती.

२५ ऑक्टोबर, शनिवार
एअरपोर्ट. ती म्हणाली, चल ना तूही, तुझं तिकीट आहेच. मी म्हटलं, आता मार्केटमध्ये लगेच उतरायला हवं, पहिले दोन आठवडे महत्त्वाचे. ती म्हणाली, खरंच? मी म्हटलं, प्लॅन तयार आहे.
सिक्युरिटीच्या रांगेत तिने दोनदा मागे पाहिलं. मी दोन्ही वेळा हात हलवला.
प्लॅन: रोज सहाला उठणं. रोज दहा अर्ज. धावणं.

३ नोव्हेंबर, सोमवार
रुचाला मुलगी झाली. आश्लेषा रात्रभर हॉस्पिटलमध्ये होती. फोनवर तिचा आवाज बसला होता, पण हसत होती. बाळाचं रडणं ऐकवलं.
अर्ज: आतापर्यंत तीन. क्वालिटी महत्त्वाची. मोहनला फोन केला, तो म्हणाला, या भागात कोणी घेत नाहीये यार. मोहन पहिल्यापासून निगेटिव्ह.

८ नोव्हेंबर, शनिवार
आश्लेषा परवा येते. आज फोनवर विचारलं, काही झालं का रे? मी म्हटलं, इंटरव्ह्यू आहे. ठरल्यातच जमा आहे. एका रिक्रूटरने महिनाअखेरीस बोलू असं म्हटलंय खरं. तिने विचारलं, कधी? मी म्हटलं, २७ तारखेला, गुरुवारी, सकाळी दहाला. तारीख सांगितली की माणसाला धीर येतो.
मागे बाळ कुरकुरत होतं. मग म्हणाली, बरं. निळा शर्ट घाल. मी आले की इस्त्री करून ठेवते.
फोन ठेवून कॅलेंडरवर लिहायला गेलो. २७ नोव्हेंबरच्या चौकटीत आधीच छापलेलं आहे: थँक्सगिव्हिंग. त्या दिवशी अख्ख्या अमेरिकेत एकही ऑफिस उघडं नसतं.
आश्लेषाला या देशात नऊ वर्षं झाली.