जाळी बारीक केल्यावर

४ एप्रिल

नापास! पदव्युत्तर वर्गात, एक्कावन्नाव्या वर्षी. आयुष्यभर शाळेत गणितात पोरांना नापास केलं, त्याची ही सव्याज परतफेड. तोंडी परीक्षेची आता एकच संधी. तीही गेली की गाशा गुंडाळायचा.

मार्गदर्शक म्हणजे शाळेतला माझाच विद्यार्थी. तेव्हा मी त्याला पेंगुळ्या म्हणायचो. आता तो मला सर म्हणतो, मी त्याला सर म्हणतो – वर्गातली पोरं तोंड फिरवून हसतात.

९ एप्रिल

काम दिसायला साधं. फळीखाली लावतात तसल्या काटकोनी लोखंडी ब्रॅकेटच्या आतल्या कोपऱ्यावर ताण किती येतो, ते संगणकाकडून काढायचं. आकृतीवर चौकोनांची जाळी टाकायची. ती बारीक करत गेलं की उत्तर एका आकड्यापाशी थांबायला हवं. माझं थांबतच नाही – चढतंय!

बायको म्हणाली, "अहो, तुमच्या रक्तदाबासारखंच की."

१५ एप्रिल

चूक माझीच असं धरून स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या. आज पेंगुळ्याच्या गाजलेल्या शोधनिबंधातली जाळी घेतली – चांगली ऐसपैस, मोठ्या चौकोनांची. आकडा त्याच्या आकड्याशी तंतोतंत जुळला! जाळी बारीक केली, पुन्हा सुटला. म्हणजे तो आकडा ब्रॅकेटचा नाहीच, जाळीचा आहे. असल्या टोकदार कोपऱ्यात ताण चढतच जातो, पाठ्यपुस्तकात आहे.

याच निबंधावर त्याला बढती मिळाली.

१६ एप्रिल

पेंगुळ्याला दाखवलं. त्याने स्वतः जाळी आणखी एकदा बारीक करून पाहिली, मग विचारलं,

"सर, आणखी कुणाला दाखवलंत?"

"नाही."

"जे दिसलं ते परीक्षेत सांगा."

धमकी की विनवणी? शाळेतही हा एवढंच बोलायचा. आणि गुण त्याच्या हातात!

१८ एप्रिल

बायको म्हणते, "खरं सांगा नि मोकळे व्हा." तिला काय, तिला कुठे परीक्षा आहे!

२१ एप्रिल

बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी चष्मा वर सरकवून नेमकं तेच विचारलं – "जाळी आणखी बारीक केली तर आकडा बदलतो का?"

पेंगुळ्या मान खाली घालून बसला होता. शाळेत बसायचा तसाच.

म्हणालो, "नाही. स्थिर राहतो."

उत्तीर्ण.

पोराला वाचवलं, असं स्वतःला समजावतोय. स्वतःलाही वाचवलं – हे जरा हळू आवाजात.

२२ एप्रिल

जिन्यात बाई भेटल्या. म्हणाल्या, "कालचा तो प्रश्न माझा नव्हता हं. तुमच्या मार्गदर्शकांनीच विचारायला सांगितला होता. 'आमचे सर खोटं नाही बोलायचे,' म्हणाले."