बानूच्या नावाचं तिकीट

नळदुर्ग
१० नोव्हेंबर २०२५

ती. सौ. मंदावहिनींना,
सा. न. वि. वि.

दिवाळीचा फराळ पोचला. चिवडा यांनी एकट्यानं संपवला आणि वर मलाच विचारतात की वहिनींनी यंदा हात आखडता का घेतला. आता काय म्हणावं!

फोन मुद्दाम केला नाही. तुमच्या घरचा फोन अण्णांच्या खिशात, तो कायम स्पीकरवर, आणि माझा भाऊ असा बोलणार की तेरच्या एसटी स्टँडवरच्या माणसालाही सगळं कळावं. ही बातमी आधी तुम्हाला कळायला हवी, म्हणून पत्र.

तर वहिनी, आपण दोघी बोटीवर जायचं. तेरणेतल्या होडीत नव्हे. मुंबईहून सुटणारी अकरा मजली बोट आहे. शुक्रवारी १२ डिसेंबरला चढायचं, दोन रात्री समुद्रात, रविवारी सकाळी परत मुंबई. मग इराकडं पुण्यात तीन-चार दिवस. आत लिफ्ट आहे, पोहायचा तलाव आहे, नाटकाचं थेटर आहे. मी खोटं सांगत नाही, लेकीनं फोटो दाखवले.

मी शाळेतून रिटायर झाले म्हणून इरानं ही भेट दिली. एक तिकीट माझं, एक तिच्या बाबांचं. पण बाबांना नळदुर्गहून तुळजापूरला जाईपर्यंत एसटी लागते. बोटीचं नाव काढताच त्यांनी हात जोडले आणि म्हणाले की माझ्या जागी वहिनींना ने, त्यांनी माहेर आणि तुळजापूर सोडून तिसरं गाव बघितलेलं नाही. मी लगेच इराला तुमचं नाव सांगितलं आणि तिनं ते तिकिटावर घातलंसुद्धा. छापील कागद सोबत ठेवलाय.

अण्णांना विचारू नका, सांगा. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एवढंच शिकले, विचारलं की हेडमास्तर नाही म्हणतात. त्यांच्या जेवणाची काळजी करू नका. आमचे अनिरुद्धराव तेरला येऊन राहतील. दोघं मिळून पिठलं जाळतील आणि एकमेकांचं कौतुक करतील.

उलट टपाली होकार कळवा. नकार असेल तर टपालखर्च वाचवा.

तुमची लाडकी (हे मीच ठरवलंय),
चारू

*

तेर
१४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. चारूवन्संना,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तिकीट म्या तीनदा वाचलं. दोनदा हसले आणि तिसऱ्यांदा मटकन खाली बसले. का ते पुढं सांगते, आधी घरचं ऐका.

तुमच्या अण्णांना जेवताना सांगितलं, म्हणजे उठून जाता येत न्हाय. आधी म्हणाले, येळवशीचा सण १९ तारखेला, रानात पूजा कोण मांडणार, भज्जी-आंबील कोण करणार. म्या सांगितलं की आदल्या दिवशी दुपारी मी घरात. मग म्हणाले गाईची धार. म्या सांगितलं की तुमाला देवानं दोन हात दिलेत. मग म्हणाले पाण्याचा काय भरवसा. म्या विचारलं, कोरड्या रानाचा तरी कवा होता. त्यावर आणखी एक भाकरी मागून घेतली. म्हणजे झालं त्यांचं.

आता खाली का बसले ते. तिकिटावर मंदाकिनी बलभीम लोमटे लिहिलंय. वन्सं, ह्या बाईला बोटीवर घेणार न्हाईत. ही बाई कागदावर कुठंच न्हाय. माझ्या आधार कार्डावर बानू बलभीम लोमटे हाय.

तुमाला आठवत असंल, नसंल तर मला आठवतंय. लग्न झालं तवा तुमच्या दावणीला म्हैस होती, तिचं नाव बानू. ताटात तांदूळ पसरलेलं, नाव लिहायची वेळ झाली. तुम्ही चौदा वर्षांच्या, नवं परकर-पोलकं, आणि हसत सुटलात की बानू तर आमच्या म्हशीचं नाव, हाक मारली तर दोघी येतील. सगळा मांडव हसला. सासूबाईंनी तुमालाच विचारलं की मग काय ठेवावं. तुम्ही तुमच्या शाळेतल्या बाईंचं नाव सांगितलंत आणि तुमच्या अण्णांनी अंगठीनं तांदळात मंदाकिनी लिहिलं. मी पण हसले. नवी नवरी दुसरं काय करणार!

दोन वर्षांनी म्हैस गेली. नाव काय परत आलं न्हाय. मंदाकिनी लांबलचक म्हणून सगळे मंदा म्हणाय लागले. तुमचे अण्णा तर तेबी म्हणले न्हाईत. त्यांचं आपलं चव्वेचाळीस वर्षं अगं.

चौदा वर्षांखाली शाळेत आधारवाले आले. बायकांची रांग निराळी. मशीनवरच्या बाईनं मान वर न करता नाव विचारलं. माझ्या हातात सातवीचा दाखला होता आणि तोंडातनं बानू गेलं. तिनं लिहिलं. कुणी हसलं न्हाय. वन्सं, त्या दिवशी घरी येताना मी लई ताठ चालले. मागचं नाव तुमच्या अण्णांचंच ठेवलं हां, माणूस बदललेला न्हाय.

कार्ड त्यांच्या पत्र्याच्या डब्यात असतं, किल्ली बंडीच्या खिशात. त्यांनी कधी वाचलं का न्हाय ते अंबाबाईला ठाऊक. मी सांगितलेलं न्हाय. सासूबाई होत्या तवा सांगायची छाती न्हवती, आन त्या गेल्यावर एवढ्या वर्षांनी काय सांगायचं म्हणून राहिलं.

मला यायचं हाय. लई यायचं हाय. समुद्र बघायचा हाय. पण मंदा म्हणून घेणार न्हाईत आन बानू म्हणून यायचं तर डबा उघडावा लागतोय. तुम्ही शिकलेल्या हाव, वाट काढा.

जावईबापूंना चिवडा वेगळा पाठवते. माया पातळ करू नका.

तुमची,
वहिनी

*

नळदुर्ग
१८ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. बानूवहिनींना,
सा. न. वि. वि.

वरचं नाव लिहून मी पेन खाली ठेवलं आणि डोळे पुसले. हे म्हणाले कांदा चिरत होतीस का. मी सांगितलं, हो.

मला आठवतं, वहिनी. म्हैस आठवते, परकराचा रंग आठवतो, माझ्या एका वाक्यावर एवढी माणसं हसली याचा अभिमानसुद्धा आठवतो. तुमचं तोंड मात्र आठवत नाही. मी बघितलंच नसणार. याची मला इतकी लाज वाटतेय की कागदावर कशी लिहू!

आणि माझा निलाजरेपणा बघा. माझ्या लग्नात सासरच्यांना अनुराधा ठेवायचं होतं, अनिरुद्धला जुळतं म्हणून. मी ताडकन सांगितलं की नोकरीचे कागद चारुशीला नावावर आहेत, बदलणार नाही. घरी केवढं कौतुक झालं माझं, पोरगी धीट म्हणून! त्या कौतुकाच्या पुरणपोळ्या कुणी लाटल्या? तुम्हीच. आणि एका शब्दानं बोलला नाहीत.

माफी प्रत्यक्ष भेटीत मागेन, पाया पडून. आता काम ऐका. इरा म्हणते नाव बदलता येतं, पण २८ तारखेपर्यंतच, आणि कार्डाचा स्वच्छ फोटो हवा. त्यानंतर काही करता येत नाही, तिकीट वाया. तिचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. मी अण्णांशी बोलू का? की येऊ तिकडं? तुम्ही म्हणाल तसं. यावेळी मी माझ्या मनानं एक अक्षरही ठरवणार नाही.

तुमच्या मायेला पात्र नसलेली, तरी ती मागणारी,
चारू

*

तेर
२३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. चारूवन्संना,
अ. उ. आ.

रडायचं बंद करा. चौदा वर्षांच्या पोरीला काय कळतं! रागावायचं असतं तर तुमच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू म्या कशाला वळले असते? पाया पडायचं असंल तर बोटीवर पडा, लोकं बघतील.

काम झालं. तुमी येऊ नका, बोलू बी नका म्हणून कळवणार होते, पण तेवढा दम निघंना. परवा सकाळी ते अंघोळ करून बंडी घालत होते. म्या समोर जाऊन सांगितलं की डब्याची किल्ली द्या, माझं कार्ड पाहिजे, त्याच्यावर माझं नाव बानू हाय, तिकिटाला तेच लागतंय. एका दमात.

ते माझ्याकडं बघत राहिले. मग किल्ली काढून हातात दिली आणि तसेच रानात गेले. न्याहरीला बी आले न्हाईत.

अंगणवाडीतल्या सोनालीनं फोटो काढून इराला पाठवला. संध्याकाळी इराचा निरोप आला की तिकीट बदललं. सोनालीनं वाचून दाखवलं तवा म्या तिला परत एकदा वाचाय लावलं.

तवापासून तुमचे अण्णा गप हायत. कामापुरतं बोलतात. रागावलेत असं दिसतंय, आणि खरं सांगते वन्सं, मला ते लागतंय. चव्वेचाळीस वर्षं एका ताटातलं खाल्लेलं माणूस. पण मी येणार. रुसले तर रुसले. परत आल्यावर काढीन रुसवा, आता बोट सोडायची न्हाय.

धपाटे आन शेंगाची चटणी घेते. एवढ्या मोठ्या बोटीवर कसलं जेवण देतात कुणास ठाऊक.

११ तारखेला धाराशिव स्टेशनवर भेटू. तोवर जीवाला जपा.

तुमची,
बानूवहिनी (लिहून बघितलं)

*

तेर
१० डिसेंबर २०२५

कागदाच्या माथ्यावर काय लिहावं ह्यातच माझी सकाळ गेली. तुला पत्र लिहायची कधी पाळी आली न्हाय. सौभाग्यवती लिहिलं तर पुढं नाव लागतंय. म्हणून आधी मजकूर लिहितो.

तुला वाटतंय मी रागावलोय. न्हाय. मला बोलता येईना, एवढंच. तू किल्ली मागितलीस तवाच सांगायचं होतं, पण तोंड उघडलं तर रडू येईल असं वाटलं, म्हणून रानात गेलो. धपाट्याच्या डब्यात तळाला हा कागद ठेवतोय. तुला सापडंल.

तुझं कार्ड पोस्टानं आलं तवा मी दारात होतो. पोस्टमन महारुद्र पाकीट बघून विचारत होता की बानू बलभीम लोमटे हितं कोण. आई ओसरीवर बसलेली. मी म्हणालो, हाय आमच्यात, आणि सही करून घेतलं. आईनं विचारलं तर खताचा कागद म्हणून सांगितलं. डब्याला कुलूप त्या दिवशी लावलं, आधी न्हवतं. तुझं तुला सांगावंसं वाटंल तवा तू सांगशील म्हणून वाट बघितली. तेरा-चौदा वर्षं बघितली. मी बी काय माणूस!

आणखी एक. आपल्या दारच्या मांडवात मी तांदळात मंदाकिनी लिहिलं, पण त्याच्या आधी पाठवणीच्या गडबडीत तुझ्या आईनं तुला बानू म्हणून हाक मारली होती, ती म्या ऐकली होती. तुझं तोंड कसं उजळलं ते बी बघितलं होतं. मग मला मंदा म्हणायला जीभ वळंना. बानू म्हणावं तर आईचा धाक. म्हणून अगं. तुला वाटत असंल नवऱ्याला नाव घ्यायची लाज. तसं न्हवतं.

गाईची धार मी काढतो. दाजी येणार हायत, त्यांना चुलीजवळ बसू देणार न्हाय. येळवशीच्या पूजेला कडब्याच्या पेंढ्यांची कोप मी रानात बांधून ठेवतो, तू फक्त ये. बोटीवर कठड्याला जास्त वाकू नको. लिंबू जवळ ठेव.

आता माथ्यावरचं खाली लिहितो.

चि. सौ. बानू हिस अनेक आशीर्वाद.

बलभीम

*

बोटीवरून
१३ डिसेंबर २०२५

ती. स्व. अहोंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र पुण्यातनं स्पीडपोस्टानं टाकणार हाय, म्हणजे माझ्या आधी पोचंल. पाकिटावर तुमचं नाव लिहायचं न्हवतं. पण महारुद्रला अहो कुठं राहतात ते कसं कळायचं! म्हणून लिहिलं, अंबाबाई माफ करंल.

मी खुशाल हाय. वन्सं खुशाल न्हाईत. मला धीर द्यायला निघालेली बाई कालपासनं पलंगावर आडवी, आणि मी अकरा मजले हिंडून आले. लिंबू त्यांनाच दिलं. वरच्या मजल्यावर उभं राहिलं की चहूकडं पाणी, बांध न्हाय, झाड न्हाय. पाण्याचा भरवसा तुमी विचारला होता. मला तरी चांगलं वाटलं पाणी.

धपाटे आत नेऊ दिले न्हाईत. घरचं शिजवलेलं चालत न्हाय म्हणे. टाकून कसं द्यायचं? तिथंच बाकावर बसून डबा उघडला. रांगेतल्या गुजराती बायकांना दिले, दोन सामान तपासणाऱ्या पोरीला दिले, तिनं नियम पाळून बाहेरच खाल्ले. वन्संनी चार खाल्ले, तेच आता भोवतंय. शेवटचं धपाटं उचललं आन तुमचा कागद निघाला.

तिथं बसूनच वाचला. वन्संनी विचारलं काय झालं, म्या कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला आणि भर गर्दीत माझ्या पाया पडल्या. लोकांनी बघितलं.

मग आमचा नंबर आला. खिडकीतल्या पोरीनं कार्ड बघितलं, तिकीट बघितलं आणि मोठ्यानं विचारलं की बानू बलभीम लोमटे कोण. वन्सं सांगाय निघाल्या होत्या, म्या त्यांचा हात धरला आणि मीच म्हणलं की मी हाय. आवाज एवढा मोठा निघाला की ती पोरगी दचकली.

तुमी वाट बघितली म्हणता. म्या बी बघितली. दोघं एका घरात बसून एकाच गोष्टीची वाट बघत होतो, आणि मधी एक डबा. आता त्या डब्याचं कुलूप काढून टाका, हिशेब सरला.

गुरुवारी १८ तारखेला दुपारी पुण्याच्या एसटीनं धाराशिवला उतरते. स्टँडवर घ्यायला या. येळवशीचा बाजार असणार, लई गर्दी असंल. अगं म्हणून हाक मारली तर दहा जणी वळून बघतील. नावानं मारा. मी एकटीच वळंन.

तुमची,
बानू