दगड ठेवलेली पत्रावळ

रविवार, दिवेलागणीला

आज नार्नूरच्या प्रार्थनाघरापर्यंत जाऊन आलो. घरी सांगितलं नाही. दिनू, माझा लहान भाऊ, दारूपायी सहा वर्षं कुठं कुठं पडला होता. परत आला तेव्हा मीच त्याले दारातून हाकललं. या लोकांनी ठेवून घेतलं. त्यांचा देव म्हणे हरवलेल्याले जवळ करते. पण फुकट कोण कोणाले ठेवते? त्यांना काय पाहिजे, तेच पाहाले गेलो.

फाटकापाशीच उभा राह्यलो. अंगणात पंगत बसली होती, दिनू भात वाढून राह्यला होता. एक पत्रावळ तेवढी रिकामी, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवलेला. मनात म्हटलं, कोणीतरी मोठा माणूस येणार, गोम तिथंच आहे.

पास्टरची बायको मले जेवाले बोलवाले आली. मी विचारलं, "ती दगडवाली कोणाची?"

"दिनूच्या दादाची. दर रविवारी दिनूच मांडते. तुमी वळखता काय त्याच्या दादाले?"

"नाही," म्हटलं अन् निघालो. हेही त्यांनीच शिकवलं असंन त्याले.

वळणावरून मागं पाहिलं. दिनू माझ्याकडं पाहत त्या पत्रावळीवरला दगड उचलून राह्यला होता.